जत्रेच्या गाडीचे मुकादम

नाथाजी मुकादमांनी कराडात रेल्वे इतिहास मंडळाची शाखा काढली, असं आता कुणाला सांगितलं तर तो हसतो. शाखेच्या पाटीवर अध्यक्ष म्हणून आमच्या डॉक्टरांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, नाव आहे, चिटणीस म्हणून एका निवृत्त स्टेशनमास्तरांचं. मुकादमांचं नाव त्या पाटीवर नाही. पण शाखेसाठी दारोदार झालेली पायपीट त्यांची, आणि त्यांच्या पायांनी पायपीट करायची म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्या पायांच्या पट्ट्या उकळून परसात वाळत घालायचं काम माझ्याकडेच होतं.

ते बोरवाडीचे. कराडच्या खाली, कृष्णाकाठचं गाव. मळीची काळी जमीन, ऊस, आणि घरटी एक माणूस पलटणीत. नाथाजींची छाती मापात भरली नाही, म्हणून पलटणीने त्यांना परत पाठवलं. ते रेल्वेत खडी फोडायला लागले आणि वयाच्या चाळिशीत गँगचे मुकादम झाले. आपल्या वाट्याच्या रुळांना ते ‘माझी लाईन’ म्हणत, जसं दुसरा कुणी ‘माझा मळा’ म्हणेल. ढिलं काही त्यांना बघवत नसे. आमच्या घरी पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा पाय धड टेकवत नव्हते, तरी दाराच्या चौकटीवर बोटाचं पेर वाजवून म्हणाले, “वैनी, हितली पाचर ढिली झालीया. ठोकून घ्या. न्हाईतर पावसाळ्यात दार बसायचं न्हाई.”

खरोखरच पुढे ते दार बसेना. असो.

त्यांच्या पायांचं असं झालं. त्रेचाळीस साल, पौष महिना. पालच्या खंडोबाची जत्रा. युद्धामुळे जत्रेच्या जादा गाड्या सरकारने बंद केल्या होत्या. बोरवाडीच्या भूमिगत पोरांनी ठरवलं, पहाटेची पॅसेंजर गेली की वळणावरचा रूळ काढायचा आणि मागून येणारी लष्कराची मालगाडी उलथायची. त्यांनी तसं केलं. आता यात एक बारीकशी गोष्ट होती. मागून जादा गाडी यायची असली की पुढच्या गाडीच्या शेवटच्या डब्याला एक वेगळी पाटी लावतात. ही खूण लाईनीवरच्या माणसांसाठी. त्या दिवशी पॅसेंजरला ती पाटी होती, कारण आयत्या वेळी जत्रेसाठी एक गाडी सुटली होती. झाडीत बसलेल्या पोरांनी पाटी पाहिली असणार. पण त्यांना ती नुसती पाटी. ते रूळ सोडवून निघून गेले.

कोंडीबा हा नाथाजींच्या गँगमधला चावीवाला. रोज पहाटे हातोडा घेऊन लाईन चालत जायची आणि रूळ आवळणारी चावी, म्हणजे पाचर, ढिली दिसली की ठोकायची, हे त्याचं काम. त्याने रूळ गायब पाहिला आणि ऊर फुटेस्तोवर पळत मुकादमांकडे आला. मुकादमांनी लाल बावटा घेतला आणि गाडीच्या दिशेने धावत सुटले. ड्रायव्हरने वाफ सोडली, ब्रेक लावले, गाडी थांबली. डब्यांत सगळा बायकांचा भरणा, बऱ्याचशा बोरवाडीच्याच. भंडाऱ्याने कपाळं पिवळी, गाणी चाललेली. काय टळलं याचा कुणाला पत्ता नाही. उलट खिडकीतून एकीने मुकादमांना झापलं, “आरं ए मुकादमा, तुला काय आक्कल? देवाचं लगीन लागून जाईल की रं तितं!”

ती साळूबाई. तिचा मुलगा भाऊसो. रूळ सोडवणाऱ्यांत तो पुढे होता.

मुकादमांनी स्टेशनात कळवलं ते एवढंच, की रूळ काढलेला आहे. नाव कुणाचं घेतलं नाही, त्यांना ठाऊकही नव्हतं. पण पोलीस गावात शिरले, हाताला लागतील ती पोरं घेऊन गेले, आणि गावाने एक माणूस ठरवून टाकला. बायकांना सांगण्यात आलं की थंडीने रूळ तडकला होता. पुरुषांत सांगण्यात आलं की लष्कराची मालगाडी उलथणार होती, खबऱ्याने घात केला. पंधरवड्यात शेतातून परतताना नाथाजींच्या तोंडावर कांबळं टाकून चौघांनी त्यांना आडवं केलं आणि तळपायांवर काठ्या मारल्या. कांबळ्याआडून त्यांनी आवाज ओळखले. गावातलेच आवाज. त्यांची बायको धोंडुबाई गाडीबैल मागायला घरोघर गेली; एकानेही दिली नाही. शेवटी कोंडीबा आणि गँगच्या माणसांनी त्यांना रेल्वेच्या ढकलट्रॉलीवर घालून आमच्या दवाखान्यात आणलं.

तेव्हापासून दोघं कराडात भाड्याच्या खोलीत. कंपनीने त्यांना फाटकावर बसायचं काम दिलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. गावातलं घर बंद. जमीन भावकी करते. मंगळवारी माझ्याकडे हळद कांडायला आली की धोंडुबाईचं एकच, “आमच्या आडाचं पानी लय ग्वाड वो वैनी. हितलं प्याल्यावर पोट भरतंय, तहान जात न्हाई.”

एकोणपन्नासच्या सुरुवातीला मुकादम एक दिवस वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन दवाखान्यात आले. पुण्याच्या काही हौशी मंडळींनी रेल्वे इतिहास मंडळ स्थापन केलं होतं. त्यांचं आवाहन होतं: जिथे जिथे रेल्वे गेली आहे तिथे शाखा काढा, रेल्वेत राबलेल्या माणसांच्या आठवणी गोळा करा, उद्घाटनाला एक निबंध वाचा. निवडक निबंध मंडळ छापील.

“डॉक्टर, छापील म्हंजी पुस्तकात?”

“हो.”

“पुन्यात?”

“पुण्यात.”

“मग ते बोरवाडीत कुनाला खोडता यायचं न्हाई,” मुकादम म्हणाले, आणि तुकड्याची घडी करून पटक्यात खोवली.

त्यांना काय हवं होतं ते त्या दिवशीच मला कळलं. त्यांना इतिहासाची हौस नव्हती. त्यांना गावात परत जायचं होतं, आणि ते खबऱ्या म्हणून नाही. स्वातंत्र्य आल्यावर ज्याने त्याने आपापलं शौर्य सांगून टाकलं होतं; हारतुरे झाले होते. बेचाळीस-त्रेचाळीसच्या त्या गर्दीत यांची गोष्ट ऐकायला गावात कान उरला नव्हता. म्हणून त्यांनी ऐकणारा कानच उभा करायचं ठरवलं. अख्खी शाखाच काढायची.

मग सुरू झाली ती वणवण. निवृत्त स्टेशनमास्तरांना ते तीनदा भेटले, तेव्हा कुठे ते “बघू” म्हणाले. गुळाच्या एका अडत्याला म्हणाले, “शेट, तुमचा गूळ काय डोक्यावरनं म्हमईला गेला व्हय? रुळानंच गेला न्हवं? मग रुळासाठी सई करा.” त्याने हसत सही केली. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलवाल्याने अट घातली की बैठकीचा चहा त्याच्याकडचाच हवा. तीही मान्य. बैठका मात्र आमच्या ओसरीवर व्हायच्या, त्यामुळे चहा माझ्याच चुलीवर आणि अट हवेत. मुकादम ओसरीवर सगळ्यांच्या आधी येऊन बसत. सतरंजी कुणी तिरकी घातली तर उठून सरळ करत, रूळ सरळ करावा तशी.

पुण्याहून मान्यता आली तेव्हा त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. “वैनी, आता धोंडी तिच्या आडाचं पानी पिनार बगा.”

उद्घाटन वाचनालयाच्या नव्या सभागृहात करायचं ठरलं. निबंध मुकादम सांगणार आणि डॉक्टर लिहून घेणार. विषय जत्रेची गाडी. दोन संध्याकाळी आमच्या ओसरीवर ते सांगत होते. मी भाजी निवडत ऐकत होते. त्यांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. पोरांबद्दल एवढंच म्हणाले, “त्यास्नी पाटीचं ठावं न्हवतं. ठावं असतं तर रूळ काढलाच नसता.” काठ्यांचं सांगायची वेळ आली तेव्हा थांबले. “गावानं मारलं, असं ल्ह्या. नावं नगत.”

वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष कोण, तर भाऊसो. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी त्याकडे डोळेझाक केली होती.

भाऊसो दुसऱ्याच आठवड्यात घरी आले. कडक इस्त्रीची खादी, गोड बोलणं. साताऱ्यात आणि सांगलीत त्यांची ऊठबस वाढली होती, लोकलबोर्डाच्या निवडणुकीत ते उभे राहणार असं लोक म्हणत होते. मुकादमही बसलेले होते. भाऊसोंनी वाकून त्यांना नमस्कार केला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

“नाथातात्या, तुमचा सत्कार आमीच करायला पायजे हुता. राहून गेलं.”

मुकादमांनी बसल्या जागी सतरंजीचा कोपरा सरळ केला.

“निबंधाचं कानावर आलं. चांगलंच हाय की. पर डॉक्टर, कसं हाय, येवडी गाडी मानूस एकला थांबवतोय व्हय? त्याच्या मागं कोन तर असतंय.”

“हुता की,” मुकादम म्हणाले. “कोंडीबा हुता.”

“कोंडीबा न्हवं हो तात्या.” भाऊसो हसले. “ऐका. पोरांनी रूळ काढला. बरुबर? मग आमाला कळलं, जत्रेची गाडी येतीया. आमीच सांगावा धाडला, ‘नाथातात्या, बावटा घ्या.’ तुमी आमचंच मानूस. आतल्या गोटातलं. पोलिसांनी तुमाला मारलं, तुमी तोंड उगडलं न्हाई. असा निबंध होऊ द्या. परत्यक्ष मी गाडी घेऊन येतो, वाजतगाजत गावात नेतो तुमाला. तुमचं घर शाकारून देतो. सरकारदरबारी नावबी घालू.”

मी चहाचे कप गोळा करायला ओसरीवर गेले होते ती तिथेच थांबले. मला वाटलं, आता मुकादम उठतील. त्यांनी विचारलं एवढंच, “आन न्हाई म्हनलं तर?”

“तर काय? सभागृह समितीचं हाय. समितीचं म्हननं पडलं की शाखेनं चाळीस सालापतुरचाच इतिहास घ्यावा. ताजं कालवायचं न्हाई. मग तुमी इंजिनं कशी आली, पूल कसा बांधला, ते सांगा. लोकं ऐकतील. टाळ्याबी वाजवतील.” उठताना ते म्हणाले, “आईबी म्हनत हुती, नाथाला आना गावात.”

म्हणजे त्या दिवशी काय टळलं आणि कुणामुळे, ते साळूबाईला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं.

भाऊसोंचा मुकादमांवरचा राग मला कधीच कळला नव्हता. त्या संध्याकाळी कळला. आपल्याच आईच्या गाडीखालचा रूळ आपण काढला होता, आणि ते पुसायला त्यांना दुसरा कुणी लागत होता. आधी पुसण्यासाठी काठ्या झाल्या. आता हार.

रात्रीच्या जेवणाला मी डॉक्टरांना विचारलं, “तुम्ही अध्यक्ष ना? काय लिहिणार आहात?”

“मुकादम सांगतील ते.”

“ते सांगून झालंय. ओसरीवर, माझ्यासमोर.”

“अगं, त्यांना गावात जायचंय. आपण कोण अडवणार?” असं म्हणून त्यांनी ताकाचा पेला तोंडाला लावला आणि पुष्कळ वेळ खाली ठेवला नाही.

माझी एकच आशा होती, धोंडुबाई. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेले. दोघांचं जुंपलेलं होतं. मला पाहूनही थांबलं नाही.

“पोलिसांनी मारलं म्हननार तुमी? ह्या हातांनी म्या काठ्यांची कुसळं काडली तुमच्या पायातली. घरोघर गाडी मागत फिरले ती काय पोलिसांच्या दारात?”

“तुज्यासाठीच म्हनतोय की गं. आड आड करतीस न्हवं?”

“माजं नाव त्यात घालू नगा!” ती ओरडली. मग माझ्याकडे वळून साध्या आवाजात म्हणाली, “वैनी, तुमीच सांगा ह्यास्नी. मला पानी पायजे हुतं. मला भाऊसोचं उपकार नगं हुतं.”

मी सांगितलं. मुकादमांनी मान खाली घालून ऐकलं. “वैनी, तुमचं बरुबर हाय. पर तुमी हितं तुमच्या घरात हाय. मी साठीला आलो. खबऱ्या म्हनून मेलो तर खांदा द्यायला भावकीतलं कोन येनार? खोटं तर खोटं. त्या खोट्यात मी चांगला तरी हाय.”



उद्घाटनाला सभागृह भरलं. पुण्याहून मंडळाचे एक गृहस्थ आले होते. त्यांना बेचाळीस-त्रेचाळीसची हकिगत ऐकायला मिळणार म्हणून फार आनंद झाला होता. भाऊसो व्यासपीठावर. चाळीस सालाची अट आता कुणाला आठवत नव्हती. मागच्या भिंतीला टेकून कोंडीबा आणि गँगची माणसं बसली होती, धुतलेले निळे सदरे घालून. मुकादमांचा मान बघायला रजा काढून आली होती ती.

निबंध स्टेशनमास्तरांनी वाचला. भूमिगतांचा सांगावा आला. मुकादमांनी बावटा घेतला. पोलिसांनी मारलं. मुकादमांनी तोंड उघडलं नाही. निबंधात कोंडीबा नव्हता. पाटी नव्हती. पहाटे लाईन चालत जाणारं कुणी नव्हतंच.

टाळ्या झाल्या. मुकादमांना दोन शब्द बोलायला उभं केलं. “भाऊसोंनी सांगितलं, तवा मी बावटा धरला,” एवढंच ते म्हणाले.

मागून कोंडीबा उठला. त्याच्या आवाजात राग नव्हता. हरवलेल्या माणसासारखं त्याने विचारलं, “मुकादम, म्या पळत आलो हुतो न्हवं?”

सभागृह वळून पाहू लागलं. भाऊसोंनी हाताने ‘बसा, बसा’ केलं.

“तू बस खाली, कोंडीबा,” मुकादम म्हणाले.

कोंडीबा बसला नाही. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, आणि बाहेर गेला. एकेक करत सगळे निळे सदरे त्याच्यामागे गेले. पुण्याच्या गृहस्थांनी डॉक्टरांना विचारलं, “कोण ते?” डॉक्टर म्हणाले, “रेल्वेतली माणसं आहेत. ड्यूटीवर जायचं असेल.”

भाऊसोंनी शब्द पाळला, हे मात्र म्हटलं पाहिजे. पावसाच्या आधी घर शाकारून झालं. बैलगाडी सजवून दोघांना गावात नेलं, वेशीवर साळूबाईने ओवाळलं. ओवाळताना ती रडली म्हणे. कशासाठी, ते तिचं तिला माहीत. पावसाळ्यात पुण्याच्या मंडळाने निबंध छापला. त्याच सुमारास जिल्हा दुभंगला. बोरवाडी दक्षिण साताऱ्यात गेली, आम्ही उत्तरेत राहिलो. भाऊसो तिकडच्या नव्या जिल्ह्यात मोठे होत चालले.

दसऱ्याच्या आधी मी बोरवाडीला गेले, खंडेनवमीच्या दिवशी. मुकादम अंगणात बसलेले. अंगावर नवं धोतर, समोर दोन शाळामास्तर गोष्ट ऐकायला आलेले. गोष्टीला आता फांद्या फुटल्या होत्या: भाऊसोंचा निरोप घेऊन येणारा घोडेस्वार, पोलिसांच्या फौजदाराचं नाव. मला पाहून ते अडखळले, पण मास्तर थांबलेले, मग पुढे गेले. धोंडुबाई आत चुलीपाशी होती. मी आडाच्या पाण्याचं विचारलं नाही. तिने पितळेच्या तांब्यातून पाणी दिलं, आणि अंगणातून आवाज चढला तसं उठून मधलं दार लोटून घेतलं.

“आज गँगची पूजा,” ती म्हणाली. “दर खंडेनवमीला हत्यारं पूजत्यात. हातोडे, पान्हे, ट्रॉली. नारळ ह्यांच्या हातानं फुटायचा. फाटकावर बसवलं तरी, पेन्शनीत आलं तरी, न्ह्यायला ट्रॉली यायची.”

“आज?”

“सकाळपासनं तीनदा पटका बांधून सोडलाय.”

मास्तर गेल्यावर मुकादम आत आले. “वैनी, लाईनीवर जाऊन येतो. आलाय तर चला तुमी बी. विसरली असतील पोरं.”

मी त्यांच्याबरोबर निघाले, कारण धोंडुबाई हलली नाही आणि त्या पायांनी एकट्याने जाणं बरं नव्हतं. बांधाबांधाने आम्ही वळणापाशी पोचलो. झाडाखाली हत्यारं मांडलेली होती. धुऊन, तेल लावून, झेंडूच्या माळा घालून. नारळ फुटलेला होता. पाणी रुळावर सांडून वाळतसुद्धा आलं होतं. गँगची माणसं खोबरं वाटत होती. आम्हाला बघून एकाने पटकन कांबळं झटकून खाली अंथरलं, जसं परक्या माणसासाठी अंथरतात.

मुकादम बसले नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी मांडलेल्या हातोड्यांकडे पाहिलं. एक वाकडा ठेवलेला होता. त्यांचा हात पुढे झाला आणि परत आला.

कोंडीबा उठला. नवा मुकादम आता तोच होता. त्याने पळसाच्या पानावर खोबरं, गूळ, चिमूटभर भंडारा घातला, दोन्ही हातांनी, अदबीने, मुकादमांपुढे धरलं.

“घ्या, पाव्हणं,” तो म्हणाला.

मुकादमांनी पान घेतलं. तिथेच उभं राहून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं, पान बाजूला टाकलं, धोतराला हात पुसले. “बरं हाय,” म्हणाले, आणि बांधाकडे वळले. गँग कामाला लागली.